औषधाचा शीण

बदलापूर स्टेशनाच्या पूर्वेस कात्रप नांवाचा भाग आहे. एके काळीं तें एक लहानसें गांव होतें; आज तेथें इमारतींच्या रांगा उभ्या आहेत, आणि पहांटे त्या इमारतींतून दिवे लागूं लागले म्हणजे मुंबईच्या चाकरमान्यांचा दिवस सुरू झाला असें समजावें. बोरीबंदर, म्हणजे आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, येथून सुमारें ६८ किलोमीटरांवर आहे. तेवढा पल्ला उभ्यानें काढावयाचा नसेल तर ज्याला त्याला आपली पहांट आणखी थोडी अलीकडे ओढावी लागते. अशा एका पहांटे कात्रपच्या रस्त्यानें स्टेशनाकडे निघालेला एक गृहस्थ श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावा. वय पंचेचाळीसच्या आसपास, कपडे नीटनेटके, खांद्याला पिशवी. पण चाल कांहीं ठीक दिसत नाहीं. पाय फांकून पडतात, वळतांना तोल जातो, पुलाचा जिना उतरतांना कठड्यावरचा हात सुटत नाहीं. मागून येणारा एक तरुण आपल्या सोबत्यास हळूच म्हणतो, "सकाळीं सकाळींच घेतलेली दिसते!"

घेतलेली खरीच, पण ती दारू नव्हे, गोळी. आणि तीही सकाळीं नव्हे, काल रात्रीं जेवणानंतर घेतलेली. किंबहुना गेलीं अठरा वर्षें रोज रात्रीं घेतलेली.

हा गृहस्थ म्हणजे कोणी अमुक एक इसम नव्हे. तो, त्याचें घर आणि पुढें येणारी त्याची शेजारीण हीं सर्व कल्पिलेलीं आहेत. त्यांना होणारे त्रास मात्र कल्पिलेले नाहींत. ते वैद्यकाच्या ग्रंथांत नोंदलेले असून, कात्रपच काय पण श्रोत्यांच्या स्वतःच्या आळींतही तसे भोगणारें कोणी ना कोणी असण्याचा संभव पुष्कळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत सुमारें पांच कोटि लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य औषध मिळाल्यास त्यांतील शेंकडा सत्तर लोकांचे झटके थांबूं शकतात.

आपल्याकडे या रोगास कोणी फेफरें म्हणतात, कोणी आंकडी म्हणतात, कोणी नुसतें 'फीट येते' म्हणतात. आणि पुष्कळ घरांतून त्यास कांहींच म्हणत नाहींत. मेंदूंतील पेशींचें काम अत्यंत सूक्ष्म अशा विद्युत्प्रवाहांवर चालतें. हे प्रवाह एकाएकीं, एकाच वेळीं, मर्यादा सोडून उसळले म्हणजे झटका येतो. चप्पल हुंगविणें किंवा कांदा फोडून नाकाशीं धरणें या उपायांनीं तो थांबत नाहीं. बहुधा दोन-तीन मिनिटांत तो आपला आपणच थांबतो आणि श्रेय मात्र चपलेस मिळतें.

औषधाचें काम त्या उसळीस आवर घालण्याचें. तें रोगाचें मूळ उपटून काढीत नाहीं, दार लोटून धरतें. म्हणून तें रोज घ्यावें लागतें, आणि वर्षानुवर्षें घ्यावें लागतें. इतर रोगांत मनुष्य आजारी असतांना औषध घेतो. अपस्मारांत तो चांगला असतांना घेतो. हिंवतापाचा रोगी कडू गोळी गिळतो ती अंगांतली हुडहुडी जावी म्हणून. ती गेली कीं गोळीही गेली. येथें मात्र ज्या दिवशीं कांहींच होत नाहीं त्या दिवशींही गोळी आहे, आणि गोळीबरोबर येणारा शीणही आहे. झटका वर्षांतून एकदां दोन मिनिटें येई. शीण बाराही महिने आठौ प्रहर सोबत असतो. हा सौदा तोट्याचा नाहीं, हें आधींच सांगून टाकलें पाहिजे. चुलीपुढें, विहिरीच्या कांठीं किंवा धांवत्या गाडीच्या दारांत येणारा एक झटका मनुष्याचा प्राण घेऊं शकतो. पण सौदा फायद्याचा असला तरी किंमत ती किंमतच, आणि ती कोणी किती दिली याचा हिशेब बहुधा कोणी ठेवीत नाहीं.

या किंमतीचा इतिहास औषधांच्या इतिहासाइतकाच जुना आहे. १८५७ सालीं लंडनमध्यें चार्ल्स लोकॉक या वैद्यानें पोटॅशियम ब्रोमाइडनें झटके कमी होतात असें सांगितलें. अपस्मारावर खरोखर उपयोगी पडलेलें तें पहिलें औषध. पण तें पोटांत सांचत गेलें म्हणजे अंगावर पुटकुळ्या उठत, बुद्धि मंद होई, आणि रोगी दिवसभर पेंगूं लागे. १९१२ सालीं जर्मनींतील आल्फ्रेड हाउप्टमान यानें फेनोबार्बिटोनचा गुण दाखविला. तें ब्रोमाइडहून पुष्कळ बरें आणि आजही जगांतील स्वस्तांतलें स्वस्त औषध. पण मूळचें झोपेचेंच. त्यामुळें त्या काळच्या वैद्यांची अशी समजूत होऊन बसली होती कीं, गुंगी हाच गुण. रोगी पेंगल्यावांचून त्याचे झटके थांबावयाचे नाहींत.

ही समजूत बोस्टनमधील मेरिट आणि पटनम या दोघांनीं मोडून काढली. मांजरांच्या मेंदूस विजेचा सौम्य धक्का देऊन झटका आणावयाचा आणि कोणत्या द्रव्यानें तो टळतो तें पाहावयाचें, अशी त्यांची पद्धत होती. १९०८ सालीं जर्मनींत तयार होऊन पुढें तीस वर्षें नुसतें पडून राहिलेलें एक द्रव्य त्यांनीं या कसोटीस लावलें, आणि गुंगी न आणतांही तें झटका थोपवितें असें आढळलें. तें फेनिटोइन. १९३८ सालीं तें रोग्यांस मिळूं लागलें. पुढच्याच वर्षीं, १९३९ मध्यें, तें घेणाऱ्यांच्या हिरड्या वाढून दांतांवर चढतात अशी नोंद प्रसिद्ध झाली. सोडियम व्हॅल्प्रोएटची कथा तर आणखीच मौजेची. १८८२ सालीं तयार झालेलें हें द्रव्य ऐंशी वर्षें केवळ दुसरीं औषधें विरघळविण्याच्या कामीं येत असे. १९६३ सालीं फ्रान्समध्यें पिएर एमार नवीं द्रव्यें त्यांत विरघळवून तपासूं लागला, तों प्रत्येक द्रव्य झटक्यांवर गुणकारी ठरूं लागलें! तेव्हां ध्यानांत आलें कीं गुण विरघळणाऱ्याचा नव्हे, विरघळविणाऱ्याचा आहे. तें औषध आज घरोघर आहे. आणि त्याचेही उपद्रव एकामागून एक, कांहीं तर पुष्कळच उशिरां, उघडकीस आले.

आतां पुन्हां कात्रपच्या त्या गृहस्थाकडे वळावें. अठरा वर्षांपूर्वीं त्यास पहिला झटका आला तेव्हांपासून तो फेनिटोइन घेत आहे. रोज तीनशें मिलिग्रॅमवर सोळा वर्षें सुखानें गेलीं. दोन वर्षांपूर्वीं, रात्रपाळीच्या जागरणानंतर, त्यास गाडींत एकदां झटका आला आणि डॉक्टरांनीं मात्रा चारशें केली. झटका पुन्हां आला नाहीं. चाल मात्र तेव्हांपासून बिघडली. तीनाचे चार झाले, त्यांत एवढें काय बिघडलें, असें कोणासही वाटेल. पण फेनिटोइनचें गणित सरळ त्रैराशिकाचें नाहीं. पोटांत गेलेलें औषध मोडून बाहेर टाकण्याचें काम यकृत करतें. बहुतेक औषधांच्या बाबतींत माल जास्त आला तर यकृतही त्या प्रमाणांत जास्त काम करतें. फेनिटोइन मोडणारी यंत्रणा मात्र एका मर्यादेपर्यंतच चालते. इमारतीच्या आवारांतील मोरी ठराविक पाणी वाहून नेते. त्यावर आणखी चार घागरी पडल्या कीं पाणी चार घागरींपुरतें तुंबत नाहीं, सारें अंगण भरत जातें. तशी मात्रा थोडी वाढली तरी रक्तांतील औषध भराभर चढतें. दर मिलिलिटर रक्तांत तें दहा ते वीस मायक्रोग्रॅम असावें असा संकेत आहे. वीसच्या वर गेलें म्हणजे प्रथम डोळ्यांची बुबुळें थरथरूं लागतात, मग चाल डळमळते, मग जीभ जड होते, आणि त्याहीपुढें मनुष्य पेंगतो, गोंधळतो. हें फार काळ चाललें तर तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूची कायमची हानि होऊं शकते. पुढें औषध कमी केलें तरी मग ती चाल पूर्ववत् होत नाहीं. म्हणजे रस्त्यांतील त्या तरुणाची थट्टा ही वस्तुतः एका लक्षणाची नोंद होती. ती डॉक्टरांच्या कानीं गेली असती तर बरें झालें असतें.

ती कां गेली नाहीं? तो गृहस्थ दर तीन महिन्यांनीं परळच्या इस्पितळांत जातो. अर्ध्या दिवसाची रजा, दोन तासांची रांग आणि डॉक्टरांपुढें पांच मिनिटें. डॉक्टर विचारतात, "फीट आली होती?" तो म्हणतो, "नाहीं." डॉक्टर म्हणतात, "छान. तेंच चालूं द्या." दोघेही खोटें बोललेले नाहींत. तोल जातो हें त्यास सांगण्याजोगें वाटलें नाहीं. तें वयामुळें असेल, चष्म्याच्या नंबरामुळें असेल, गाडीच्या दगदगीमुळें असेल. हिरड्यांचेंही तसेंच. त्याची बायको एकदां म्हणाली, "अहो, हिरड्या किती सुजल्यात बघा! ती पेस्ट तरी बदला आधीं." पेस्ट बदलली. दंतवैद्यानें दोनदां हिरड्या साफ करून दिल्या. त्या पुन्हां वाढल्या. आपण फेनिटोइन घेतों हें त्यानें दंतवैद्यास सांगितलें नाहीं, कारण तें औषध डोक्याचें आणि हिरड्या तोंडांत! शिवाय सांगावयाचें म्हणजे रोगाचें नांव घ्यावें लागणार. तें नांव या घरांत अठरा वर्षांत मोठ्यानें उच्चारलें गेलेलें नाहीं. गोळ्यांची पट्टी तांदळाच्या डब्यांत असते.

या विषयाचें मर्म तेथेंच आहे. रोग लपविला म्हणजे औषध लपवावें लागतें. औषध लपविलें म्हणजे त्याचा उपद्रव ओळखणारें कोणी उरत नाहीं. आणि मग औषधाचा दोष माणसाच्या स्वभावाच्या खातीं जमा होतो. फेनोबार्बिटोन घेणारी सून सकाळीं लवकर उठत नाहीं. ती आळशी ठरते. तेंच औषध घेणारें लहान मूल पुष्कळदां पेंगण्याऐवजीं उलट चळवळें होतें, एका जागीं बसत नाहीं. तें द्वाड ठरतें, आणि शाळेंत त्याला छडी नाहीं तरी बोलणीं मिळतात. टोपिरामेट घेणाऱ्या कारकुनास बोलतां बोलतां नेमका शब्द सांपडत नाहीं. तो मठ्ठ ठरतो. कार्बामाझेपिन घेणाऱ्या वृद्ध माणसाच्या रक्तांतील सोडियम उतरतें आणि तो भलतेंसलतें बोलूं लागतो; त्यास म्हातारचळ लागला असें घरचे म्हणतात. लेव्हेटिरासेटॅम हें त्यामानानें नवें, सोईचें आणि पुष्कळ अंशीं निर्धोक औषध. पण तें घेणारीं कांहीं माणसें एकाएकीं चिडखोर होतात, कांहीं खिन्न होतात. जो मनुष्य जन्मांत कोणास टाकून बोलला नाहीं तो ताटांतलें मीठ कमी म्हणून ताट लोटतो, आणि मागाहून त्याचें त्यालाच कळत नाहीं कीं हें आपल्या हातून झालें कसें. औषधानें झालें असें म्हटलें तर लोक म्हणतात, सबब चांगली शोधली.

वास्तविक स्वभाव आणि उपद्रव यांतील फरक ओळखण्याची एक साधी खूण आहे. स्वभावाला तारीख नसते. उपद्रवाला बहुधा असते: गोळी सुरू झाली, वाढली किंवा बदलली त्यानंतरची. अशी तारीख डॉक्टरांना सांगतां आली तर त्यांचें निम्में काम होतें. आणि ती रोग्यापेक्षां घरच्या माणसास अधिक अचूक सांगतां येते. कारण मंद झालेल्यास आपण मंद झालों हें कळणें कठीणच.

त्याच इमारतींतील शेजारणीची गोष्ट याहून नाजूक आहे. वय अठ्ठावीस, लग्नास दोन वर्षें झालीं. ती माहेरापासून व्हॅल्प्रोएट घेत आहे. वजन वाढलें, केंस गळतात, चहाचा कप पुढें करतांना बशी वाजते. सासू म्हणते, "सूनबाई, एवढ्या वयांत हात कसा गं थरथरतो तुझा?" ती म्हणते, "अशक्तपणा आहे, आई. व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू आहेत ना." व्हिटॅमिनच्या म्हणून ज्या गोळ्या सासूनें पाहिल्या आहेत त्या व्हॅल्प्रोएटच्याच होत.

तिला खोटी म्हणण्यापूर्वीं थोडा कायद्याचा इतिहास पाहावा. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत १९७६ सालीं जी दुरुस्ती झाली तिनें वेडाचे वा अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहास बाध आणणारी गोष्ट ठरविली. वेड आणि अपस्मार एका वाक्यांत, एका ओळींत! हा अन्याय दूर व्हावा म्हणून इंडियन एपिलेप्सी असोसिएशनसारख्या संस्थांनीं मागणी लावून धरली, आणि १९९९ च्या दुरुस्तीनें तेथून अपस्मार हा शब्द गाळला गेला. कायद्यांतून एक शब्द जाण्यास तेवीस वर्षें लागलीं. स्थळें पाहणाऱ्यांच्या मनांतून तो जाण्यास किती लागतील याचा हिशेब नाहीं. ज्या मुलीच्या आईनें कायद्याची ती धास्ती स्वतः पाहिली, तिनें मुलीस "सासरीं कांहीं बोलूं नकोस" असें बजावलें तर त्यांत नवल कसलें?

पण या गप्प राहण्याची किंमत येथें तिसराच जीव देऊं शकतो. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातेच्या पोटीं शारीरिक व्यंग असलेलें मूल जन्मण्याचें प्रमाण साधारण दहांत एक इतकें आहे. आणि मुलाच्या बोलण्या-शिकण्याच्या वाढींत अडथळा येण्याचें प्रमाण तर शेंकडा तीस ते चाळीसपर्यंत आढळलें आहे. मूल होण्याच्या वयांतील स्त्रीस, दुसरा उपाय चालत असेल तर, हें औषध देऊं नये, असें आतां जगभरचे तज्ज्ञ सांगतात. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासेटॅम हीं या बाबतींत पुष्कळ सुरक्षित ठरलीं आहेत. परंतु हा बदल दिवस राहण्यापूर्वीं, आणि हळूहळू, व्हावयास हवा. व्यंगें जीं घडावयाचीं तीं पहिल्या कांहीं आठवड्यांतच घडतात; तेव्हां अनेकदां मातेस आपल्याला दिवस राहिले आहेत याचा पत्ताही नसतो. फोलिक ॲसिडची गोळीही आधींपासूनच घ्यावयाची असते. आणखी एक गोष्ट पुष्कळ डॉक्टरही घाईंत सांगावयास विसरतात: फेनिटोइन, फेनोबार्बिटोन आणि कार्बामाझेपिन यांच्यामुळें संततिप्रतिबंधक गोळ्यांचा प्रभाव कमी होतो. 'अजून दोन वर्षें तरी मूल नको' असें ठरविलेल्या जोडप्याचा बेत मग यकृतांत मोडतो.

या शेजारणीनें हें सारें कोठें तरी वाचलें आणि पाळी चुकल्याबरोबर, कोणास न विचारतां, गोळ्या बंद केल्या. याहून मोठी चूक नाहीं. एकाएकीं औषध तोडलें म्हणजे मेंदू खवळतो. एका झटक्यांतून शुद्धीवर येतां येतां दुसरा, दुसऱ्यांतून तिसरा, अशी मालिका लागूं शकते. पांच मिनिटांवर चाललेला झटका हा नुसता झटका नव्हे, तें प्राणसंकट समजावें आणि तत्काळ इस्पितळ गांठावें. त्यांत आई आणि मूल दोघांसही धोका. तिला त्या दिवशीं मध्यम प्रतीचा एकच झटका आला, स्वयंपाकघरांत, सासूच्या देखत. आणि जी गोष्ट ती दोन वर्षें लपवीत होती ती दोन मिनिटांत उघडी झाली. सासूनें काय केलें? रिक्षा बोलावली. एवढेंच नव्हे, तर इस्पितळांत डॉक्टरांनीं सुनेस विचारलेल्या प्रश्नांपैकीं निम्म्यांचीं उत्तरें तिनेंच दिलीं: केंस केव्हांपासून गळतात, हात केव्हांपासून कांपतो, झोप किती लागते. न सांगतांही सासवांना पुष्कळ ठाऊक असतें.

औषध एकाएकीं तुटण्याचीं कारणें नेहमीं मनाचींच असतात असें नाहीं. २६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईकरांच्या स्मरणांत आहे. २७ जुलै २०१९ रोजीं तर कात्रपच्या जवळच, बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान, महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यांत अडकली आणि शेंकडों उतारूंना तासन् तास डब्यांतच बसून राहावें लागलें. ज्यास रोज रात्रीं गोळी घ्यावयाची आहे त्यानें दोन दिवसांच्या गोळ्या आणि औषधाची चिठ्ठी नेहमीं पिशवींत ठेवावी, हें या रेल्वेमार्गावर राहणाऱ्यास अधिक सांगावयास नको. औषधविक्रेता "तीच आहे, कंपनी वेगळी" म्हणून दुसरीच पट्टी देतो, त्याचीही नोंद ठेवावी. पुष्कळांस त्यानें कांहीं होत नाहीं. पण फेनिटोइनसारख्या, कांठावर चालणाऱ्या औषधांत एवढा फरकही कधीं कधीं भोंवतो. क्षयाचीं औषधें चालू झालीं तर अपस्माराच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यांत कळविलें पाहिजे; त्यांपैकीं आयसोनायझिड हें रक्तांतील फेनिटोइन वाढवितें, तर रिफाम्पिसिन तें उतरवितें. आणि 'इंग्रजी औषधाची उष्णता नको' म्हणून जे पुड्यांच्या मागें लागतात त्यांनीं एवढें ध्यानीं धरावें कीं, निव्वळ वनस्पतींच्या म्हणून विकलेल्या पुड्यांत फेनोबार्बिटोन मिसळलेलें आढळल्याचीं उदाहरणें आपल्या देशांत नोंदलेलीं आहेत. इंग्रजी औषध सुटलें असें रोग्यास वाटतें. प्रत्यक्षांत त्यानें फक्त मात्रा माहीत असलेलें औषध सोडून मात्रा माहीत नसलेलें औषध धरलेलें असतें.

सोसून पाहावयाचा नाहीं असा एक उपद्रव स्वतंत्र सांगितला पाहिजे. कार्बामाझेपिन, फेनिटोइन किंवा लॅमोट्रिजिन नव्यानें सुरू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ उठलें, आणि त्याबरोबर ताप आला किंवा तोंडांत, डोळ्यांत फोड आले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां इस्पितळांत जावें. क्वचित् प्रसंगीं याचें पर्यवसान सर्वांगाची त्वचा सोलली जाण्यांत होतें. हें कोणास व्हावयाचें तें कांहीं अंशीं जन्मजात ठरलेलें असतें. तैवानमधील संशोधकांनीं २००४ सालीं अशा एका आनुवंशिक खुणेचा कार्बामाझेपिनशीं असलेला संबंध दाखवून दिला.

मग गोळी जन्मभरच का? सर्वांना नाहीं. दोन वर्षें किंवा अधिक काळ झटका न आलेल्यांपैकीं कांहींचें औषध डॉक्टर हळूहळू कमी करून पाहतात. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या पुढाकारानें झालेल्या आणि १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असे १०१३ रोगी होते. ज्यांचें औषध चालू ठेवलें त्यांपैकीं शेंकडा ७८ जण पुढचीं दोन वर्षें झटक्यांवांचून राहिले. ज्यांचें हळूहळू थांबविलें त्यांपैकीं शेंकडा ५९. आंकडे दोन्ही बाजूंनीं वाचतां येतात. औषध सोडूनही निम्म्याहून अधिक लोक सुखरूप राहिले, हें एक. औषध घेत असूनही पांचांत एकास झटका आलाच, हें दुसरें. कोणी काय पत्करावें हें रोज गाडीच्या दारांत उभा राहणाऱ्याचें वेगळें, आणि घरीं बसून शिवणकाम करणाऱ्याचें वेगळें. सोडावयाचें नसेल तरी शीण कमी करण्याच्या वाटा आहेत: मोठा भाग रात्रीं घेणें, दिवसाची मात्रा विभागणें, दोन-तीन औषधांचें एक करणें, रक्तांतील प्रमाण तपासणें, हाडांसाठीं ड जीवनसत्त्वाची चांचणी करून घेणें. (फेनिटोइन व फेनोबार्बिटोन यांनीं तें वर्षानुवर्षें झिजत जातें, आणि मग साध्या पडण्यानें मनगट मोडतें.) यांतील एकही गोष्ट डॉक्टरांस न सांगितलेल्या त्रासासाठीं करतां येत नाहीं.

कात्रपच्या गृहस्थानें अखेर सांगितलें. खरें म्हणजे त्याच्या बायकोनें सांगितलें. शेजारच्या घरीं घडलें तें पाहून पुढच्या खेपेस तीही परळला गेली, आणि "फीट आली होती?" या प्रश्नावर नवरा "नाहीं" म्हणतांच ती मध्येंच म्हणाली, "पण डॉक्टर, हे चालतात कसे तें एकदां बघा ना." डॉक्टरांनीं त्यास उठवून सरळ रेषेंत, टांचेला बोट लावीत, चालावयास सांगितलें. चार पावलांत तोल गेला. बोटाच्या मागोमाग डोळे फिरवावयास सांगितले, बुबुळें थरथरलीं. रक्त तपासलें तें सत्तावीस निघालें. मात्रा साडेतीनशेंवर आली. दुसरें औषध सावकाश सुरू करून फेनिटोइन कमी करीत नेण्याचें ठरलें, आणि दंतवैद्यासाठीं एक चिठ्ठी मिळाली. त्यास बरीच वर्षें झालेलीं असल्यामुळें चाल कितपत सुधारेल तें सहा महिन्यांनीं सांगतां येईल, असें डॉक्टर म्हणाले.

त्या रात्रीं गोळ्यांची पट्टी तांदळाच्या डब्यांतून निघाली आणि चहा-साखरेच्या फडताळांत आली. घरच्या मुलानें विचारलें, "बाबा, ही कसली गोळी?" त्यास सांगितलें. कचेरींत मात्र अजून कोणास सांगितलेलें नाहीं.